खात्रीकाकांची दुपारची मॅच

खात्रीकाका आमच्याकडे आले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मग मनगटावरच्या, मग मोबाइलमधल्या, आणि तिन्ही जुळली तरी मला विचारत, "किती वाजले गं?" मी सांगितलेली वेळ ते जमेस धरत, पण शेवटची म्हणून. दुधाच्या बाटलीवरची तारीख, बसच्या पाटीवरचा नंबर, हवामानखात्याचा अंदाज, डॉक्टरचं निदान, मंडळाच्या अध्यक्षांचं आभाराचं भाषण, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय होता. त्यांचं खरं नाव श्रीकांत, पण इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या मराठी घरांत त्या नावाने कुणी त्यांना ओळखलं नसतं.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात इन्स्पेक्टर म्हणून काढली. सकाळी कामावर गेल्यावर ते मालाला हात लावत नसत. ज्या गेजने माल मोजायचा, ते गेज आधी तपासायचे. बाकीचे लोक हसत. काका म्हणत, "माल खोटा निघाला तर एक पार्ट फुकट जातो. गेज खोटं निघालं तर सगळा दिवस जातो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी नोकरी करते त्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मीटिंगमध्ये कुणी आकडे दाखवायला लागलं की ते माझ्या कानात आपोआप वाजतं.

आमची ओळखही तपासणीतूनच झाली. पुण्याहून नोकरीसाठी येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि मंडळाच्या गणपतीत मी मोदक वाढत होते. ताट पुढे करायच्या ऐवजी काकांनी विचारलं, "हे फ्रोझन आहेत का?" ज्या बाईंनी आणले होते त्या शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, "हो." बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. काकांनी मात्र दोन मोदक घेतले आणि म्हणाले, "शनिवारी काय करतेस? मॅचला ये." त्यांच्याकडे सीझनची दोन तिकिटं असत, एक स्वतःचं आणि एक काकूंचं. काकू दहा वर्षांपूर्वीच एकदा जाऊन आल्या होत्या. "पैसे देऊन थंडीत कुडकुडायचं आणि वर माणसांची मारामारी बघायची, हे मला सांगू नका," असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता.

मॅच म्हणजे आइस हॉकीची. काका मूळचे नागपूरचे, शाळेत आपल्या मैदानी हॉकीत राइट हाफ खेळलेले, मुरमाड मैदानावर गुडघे फोडून घेतलेले. इथे आल्यावर कारखान्यातल्या ब्रायनने "हॉकी बघायला येतोस का" म्हटल्यावर ते कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला टोपी घालून, खिशात शेंगदाणे भरून निघाले. दार उघडून आत गेले तर समोर बर्फ. पहिला अर्धा तास त्यांना ब्रायन आपली थट्टा करतोय असंच वाटत होतं. तेव्हापासून त्यांनी घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवली नाही आणि एकदाही या खेळाला पूर्ण मान्यता दिली नाही. "हॉकीला डोक्यावर आकाश पाहिजे," ते म्हणत. "हे म्हणजे फ्रिजमध्ये बसून खेळ बघणं झालं."

त्यांच्या शेजारी बसून मॅच बघणं म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहणं होतं. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, जाळ्यात गेली, गोलमागचा लाल दिवा लागला, चार हजार माणसं उठून ओरडायला लागली, तरी काका बसलेलेच. "गोल? कोण म्हणतंय?"

"काका, दिवा लागला की!"

"दिवा लावणारा माणूसच ना? तू बघितलंस?"

"बघितलं."

"कुठून मारला? कुणी? कीपर कुठे होता?"

मी सगळं सांगायचं, डावीकडून पास आला, सतरा नंबरने उचलला, कीपर आडवा पडला होता, तेव्हा कुठे ते मान हलवायचे. "तू बघितलंस ना? मग झालं." आणि मगच टाळ्या, बाकीच्यांच्या टाळ्या संपल्यावर, एकट्याच्या. पुढच्या रांगेतली मुलं वळून बघत. पलीकडे बसलेला ब्रायन म्हणायचा, "हिअर कम्स द सेकंड गोल." मलाही कधी कधी वैताग यायचा. दोन सीझन मी हे केलं आणि मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाचा संशय वाढतो तो असा.

गेल्या वर्षी क्लबने जाहीर केलं की डिसेंबरातली एक मॅच आपण उघड्यावर भरवणार. रग्बीच्या स्टेडियममध्ये मधोमध बर्फाचं मैदान तयार करायचं, शनिवारी दुपारी दीड वाजता, वर छप्पर नाही. या बातमीने आनंद व्हायला हवा होता, पण आमचा फॅन्सचा ग्रुप म्हणजे जन्माचे संशयी. बर्फ टिकेल का? पाऊस आला तर? आपल्या रांगेच्या जागा आपल्यालाच मिळतील, की कुठल्या तरी कंपनीच्या पाहुण्यांना? ब्रायनचा संशय टॉयलेट्सवर होता. ऑक्टोबरभर तो त्यांची संख्या विचारत होता.

काकांचा संशय फक्त वेळेवर. जागा कुठली, पाहुणी टीम कुठली, काही नाही. "दीड म्हणजे दीडच ना? की संध्याकाळी ढकलतील?" माझ्या लॅपटॉपवरून त्यांनी क्लबला तीन ईमेल लिहायला लावले. तिन्हींत एकच प्रश्न. उत्तर आलं की सध्या तरी दीडचीच योजना आहे. "सध्या तरी!" काका म्हणाले. "बघ, पळवाट काढून ठेवलीय."

आणि दुसरं म्हणजे ढग. मॅच जवळ आली तशी सगळा ग्रुप स्वच्छ हवेची वाट बघायला लागला आणि हा एक माणूस मला फोन करून विचारायचा, "शनिवारी ढग आहेत ना गं?" इंग्लंडमध्ये ढग हवेत म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. काकांच्या सहवासात राहून मलाही त्यांचा रोग लागला होता. मला वाटलं, यात काहीतरी आहे. हा माणूस मॅच व्हावी म्हणून विचारतोय की होऊ नये म्हणून?

मग मॅचच्या दोन आठवडे आधी मी ऑफिसच्या कामासाठी हॉस्पिटलमध्ये गेले होते, तर डोळ्यांच्या विभागातून काका बाहेर पडताना दिसले. मला बघून म्हणाले, "हे लोक अपॉइंटमेंटची वेळ पाळतात का, ते बघायला आलो होतो." चाळीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या माणसाला स्वतःला धड खोटं बोलता येत नव्हतं. मी त्यांना कँटीनमध्ये बसवलं, चहा आणला आणि म्हटलं, "काका, आता माझी तपासणी. खरं सांगा."

त्यांनी कप उगीचच फिरवला. "काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही म्हणतात. मी तिघांना विचारून खात्री केली."

"कधीपासून?"

"रिंकच्या त्या बंद हॉलमध्ये दोन वर्षं झाली. त्या दिव्यांची चमक बर्फावर पडली की सगळं दुधासारखं होतं. माणसं हलताना दिसतात. पक नाही दिसत." मग म्हणाले, "ढगाळ दिवसाच्या उजेडात अजून बऱ्यापैकी दिसतं. सपाट उजेड पाहिजे, चमक नको. मुद्दाम बागेत जाऊन काळी बटणं पांढऱ्या चादरीवर टाकून बघितलं. दिसली. पुढच्या वर्षी दिसतील असं नाही."

मला रडूच आलं. दोन वर्षं जो संशय समजून मी वैतागत होते, तो संशय नव्हताच. "कुणी मारला, कुठून मारला, तू बघितलंस का" म्हणजे त्यांचं मॅच बघणं होतं. मी विचारलं, काकूंना माहीत आहे का? "तिला सांगितलं तर मॅच बंद होईल," ते म्हणाले. "तूही सांगू नकोस. मला एकदा पक बघायचाय. उघड्यावर. मग घरी बसवा."

त्या दिवसापासून मीही ढगांची वाट बघायला लागले. रोज तीन-तीन अंदाज बघायचे, तिन्हींवरही संशय घ्यायचा. शुक्रवारी रात्री तिन्ही म्हणत होते, ढगाळ. काका म्हणाले, "तिन्ही जुळतायत म्हणजे कुठेतरी घोळ आहे."

शनिवारी कॉव्हेंट्रीवर असं ऊन पडलं की महिनाभर न दिसलेले शेजारी अंगणात येऊन उभे राहिले. काका, ब्रायन आणि मी एक वाजता जागेवर होतो. काकांनी स्वेटरवर टीमची जर्सी चढवली होती आणि डोक्यावर टोपी. बर्फावर पांढऱ्या ताडपत्र्या अंथरलेल्या. दीडला पाच मिनिटं असताना घोषणा झाली, ऊन सरळ बर्फावर येतंय, खेळाडूंच्या डोळ्यांवर तिरीप येते आणि बर्फही मऊ पडतोय, तेव्हा सामना साडेचार वाजता सुरू होईल. डिसेंबरात साडेचार म्हणजे अंधार, आणि अंधार म्हणजे दिवे.

सगळ्या स्टेडियमने हुर्यो उडवली. मी काकांकडे बघायचं टाळत होते. ते शांतपणे म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? पळवाट काढून ठेवली होती." पण आवाजात नेहमीचा विजय नव्हता. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि नुसते बसून राहिले. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा कळेना. सूर्यावर कुठे तक्रार करायची?

ब्रायनने काकांकडे बोट दाखवून मला विचारलं, "इज ही ऑलराइट?" मी काकांना दिलेला शब्द मोडला आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आय नो, लव्ह. तो गेल्या वर्षी टॉयलेटला गेला आणि परत येताना चुकून माझ्या मांडीवर बसला." मग तो उठून खाली गेला. या क्लबच्या, प्रेक्षकांची व्यवस्था बघणाऱ्या स्टुअर्ड्समध्ये निम्मे लोक त्याच्या ओळखीचे. परत आला तो एका पिवळ्या जाकिटातल्या बाईंना घेऊनच. त्यांनी आम्हाला बर्फाच्या अगदी कडेशी, भोवतीच्या काचेच्या भिंतीला लागून उभं केलं आणि सांगितलं, तीन वाजता सावली आली की ताडपत्र्या काढून बर्फ तपासणार आहेत.

तीन वाजून गेल्यावर पश्चिमेचा स्टँड उन्हाच्या आड आला. बर्फावर सावली पडली आणि वर आकाश अजून उजळ होतं. सपाट उजेड. ताडपत्र्या निघाल्या. आमचा राखीव कीपर आणि दोन खेळाडू बर्फ कसा आहे ते बघायला उतरले आणि त्यांनी खिशातून काढून पाच-सहा पक खाली टाकले.

काकांनी काचेला नाक टेकवलं. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. "थांब. डावीकडून गेला. ह्याने घेतला. उजव्या पायाशी आहे." त्यांचा हात काचेवरून पकबरोबर सरकत होता. "मारला. कीपरच्या पॅडला लागून बाहेर." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"कोण म्हणतंय?"

"मी बघितलं काका."

"मीसुद्धा," ते म्हणाले. दहा-बारा मिनिटं ते तसेच उभे होते, डोक्यावर आकाश घेऊन. ब्रायन पाठमोरा उभा राहून नाक शिंकरत होता आणि थंडीला शिव्या देत होता.

साडेचारला मॅच सुरू झाली तेव्हा दिव्यांनी बर्फ लखलखत होता. काका माझ्या शेजारी डोळे मिटून बसले आणि मी सांगत राहिले. त्या दिवशी त्यांनी एकदाही उलटतपासणी केली नाही. आम्ही जिंकत होतो आणि त्यांचा चेहरा इतका निवांत दिसत होता की शेवटच्या मध्यंतरात माझा तोल गेला. त्यांनी विचारलं, "वर आकाश कसं आहे?" मी म्हटलं, "एकदम मोकळं. खूप तारे आहेत काका."

त्यांनी डोळे उघडले. "एवढ्या दिव्यांखाली तारे? तू बघितलेस?"

मी वर बघितलं. काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं.

"मला बरं वाटावं म्हणून बोललीस, कळलं मला," ते म्हणाले. "पण असं करू नकोस. गेज खोटं बोलायला लागलं की बदलावं लागतं. तुला बदलायचं माझ्या मनात नाही."

मार्चमध्ये काका-काकू लंडनमधल्या हॅरोला मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या जागेवर आता मी बसते आणि माझ्या जागेवर ब्रायन आपला कोट ठेवतो. मॅच संपली की रिंकच्या दारातूनच मी हॅरोला फोन लावते. सगळं सांगते, जसं झालं तसं. आमच्या बचावफळीची अब्रू झाकायचा मोह पुष्कळदा होतो, पण मी आवरते. मागच्या शनिवारी आम्ही सहा गोल खाल्ले. एकेक गोल कसा झाला ते मी सांगितलं, पाचव्यात आमच्याच माणसाच्या बुटाला लागून पक आत गेला, तेसुद्धा.

पलीकडून काका म्हणाले, "तू बघितलंस?"

"बघितलं काका."

"मग झालं," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या एकट्याच्या टाळ्या ऐकू आल्या, समोरच्या टीमसाठी.