धाकट्याचं फिकं चित्र

मेंदूची चित्रं काढणाऱ्या त्या यंत्रावर बाईंची अठरा वर्षं गेली होती. त्यांच्या सुईबद्दल सगळे एकच सांगायचे: डास चावलेला तरी कळतो, बाईंनी टोचलेलं कळत नाही. ही थट्टा बाईंना मनापासून आवडायची. आपल्या हाताचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

नशेमुळे मेंदूतल्या रसायनांचं काय होतं, याचा शोध त्यांच्या इस्पितळातले डॉक्टर घेत होते. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध द्यायचं आणि माणसाला दीड तास डोकं न हलवता यंत्रात झोपवायचं. मेंदूत आनंदाचं रसायन जिथं बसतं, तिथंच हे औषध जाऊन बसतं आणि पडद्यावर उजळतं. नशा करणाऱ्याचं चित्र फिकं येतं. नशा सुटली की ते हळूहळू उजळावं, अशी डॉक्टरांची आशा होती.

त्या अभ्यासात बाईंचा धाकटा भाऊही होता. आई गेल्यावर बाईंनीच वाढवलेला, आणि पुढे नशेपायी बाईंच्याच तोंडचं पाणी पळवणारा. आता व्यसनमुक्ती केंद्रात राहून त्यानं ब्याण्णव दिवस नशेविना काढले होते. पहिलं चित्र फिकं आलं होतं. दुसऱ्या चित्रावर दोघांचा जीव टांगलेला होता.

नात्यातल्या माणसाला दुसऱ्यानं टोचायचं, असा नियम होता. पण तो म्हणाला, "माझ्या शिरांची मीच वाट लावलीय, ताई. दुसरं कुणी दहा ठिकाणी भोसकेल. तूच टोच." बाई विरघळल्या.

चित्र आलं ते पहिल्याहून फिकं.

किती वेळा हा सुधारला होता आणि किती वेळा त्यांनी विश्वास ठेवला होता! तो कोपरावर कापूस दाबून बसला होता.

"खरं सांग, सकाळी घेतलीस ना?"

"नाही गं. तुझी शपथ."

"माझ्या शपथा खाऊन मला कितीदा मारशील? यंत्र खोटं बोलत नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यानं बूट घातले आणि दुपारी साडेतीनला तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी कालची नोंद तपासली. "बाई, औषध मेंदूत पुरेसं पोचलेलंच नाही. शिरेबाहेर गेलंय, हातातच साचून राहिलं."

चित्र फिकं दिसलं की आधी टोचलेला हात किरणं मोजायच्या यंत्रानं तपासायचा, हा पहिला धडा बाई प्रत्येक नव्या माणसाला स्वतः द्यायच्या. काल भावावर संशय घ्यायला त्यांना क्षणही लागला नव्हता. आपल्या सुईचा मात्र संशय आलाच नाही. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

रजा टाकून त्या तडक केंद्रात गेल्या. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या पायाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"माझंच चुकलं रे. तू घेतली नव्हतीस."

तो सावकाश वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच बाईंना सोसवेना.

"नव्हती, ताई. काल चार वाजेपर्यंत नव्हती घेतली."