नीरो पुण्याला पोचत नाही

"जातेच आहेस तर येताना नीरो आण," आई म्हणाली. माझी पाठपिशवी भरून झाली होती. चार दिवस गोवा, मिळेल त्या बसने फिरायचं आणि गावातल्या हॉस्टेलांत झोपायचं, एवढाच माझा बेत होता. आईचं माहेर पेडणे तालुक्यातलं कोरगाव. तिथे आता आमचं कुणी नाही, घरही माझ्या जन्माआधीच विकलं गेलं. मागची पाच वर्षं ती म्हणत होती, "काजूच्या दिवसांत एकदा मला ने." मी म्हणत होते, "पुढच्या वर्षी नक्की." कधी तिचे गुडघे आडवे आले, कधी माझ्या रजा. यंदा तिने 'ने' म्हटलंच नाही, 'आण' म्हटलं. ते मला फार लागलं, म्हणून तोंडभरून कबूल केलं.

नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा गोड रस. दारू नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

सकाळी म्हापशाला उतरले आणि डिचोलीची खाजगी बस धरली. तिकीट चाळीसच्या आत. पिशवी ड्रायव्हरच्या शेजारी टाकायची आणि उभं राहायची तयारी ठेवायची. डिचोलीचं हॉस्टेल म्हणजे उल्हासभाईंचं जुनं गॅरेज. एकेकाळी त्यांचे चार ट्रक खनिज वाहायचे. खाणी थांबल्या, ट्रक गेले, गॅरेजात सहा पलंग आले. पलंगाचे पाचशे, सकाळी पाव आणि पातळ भाजी त्यातच. पलंगाशेजारची खिडकी उघडताना भाई म्हणाले, "पूर्वी धुळीमुळे हे जनेल उघडायलाच मिळत नसे. आता दिवसभर उघडं असतं, पण ट्रकांचा आवाज नाही म्हणून करमत नाही बघा." मी हसले. ते हसले नाहीत. बाजारात हिंडताना भाज्यांपेक्षा मला त्यांचं तोंडच आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी डिचोली, म्हापसा, पेडणे, कोरगाव. सरळ गाडी मला मिळाली नाही, तीन बदलल्या. पेडण्याला तासभर थांबावं लागलं. घाई असेल तर हा प्रवास करू नका. कोरगावात शिरताना काजूच्या बोंडांचा तो गोडसर, थोडा आंबूस वास खिडकीतून आत आला. आईच्या तोंडून मी तो इतक्यांदा ऐकला होता की पहिल्यांदा येऊनही ओळखीचा वाटला.

इथलं हॉस्टेल सुलोचनाकाकींच्या घराच्या माडीवर आहे. चार पलंग, शेणाने सारवलेलं अंगण, रात्री भात आणि तिसऱ्यांचं कालवण. मी आईचं माहेरचं नाव सांगितलं, तर काकींनी हातातली बालदी खाली ठेवली.

"तू तिचा चेडू? तुझी आवय नि मी एकाच वर्गात गो! ती कशी नाय इली?"

"गुडघे," मी म्हणाले. निम्मंच खरं होतं.

सकाळी त्या मला वहाळाकाठच्या त्यांच्या काजूच्या बागेत घेऊन गेल्या. वाट म्हणजे दगडाच्या सात उंच पायऱ्या. खाली बोंडं तुडवून झाली होती. चोथ्याचा ढीग रानवेलीने करकचून बांधलेला, वर मोठा दगड, आणि खालून थेंब थेंब नीरो निथळत होता. काकींनी कोप, म्हणजे पेला, भरून पुढे केला. मी पाकीट काढलं तशा त्या रागावल्या. "पयलो कोप आमी कोणाकच इकत नाय. पी आदी."

गार, गोड, जिभेला किंचित चिरचिरणारा. मी दोन कोप प्यायले आणि थर्मास पुढे केला.

"गो बाय, ह्यो पुण्याक जावचो नाय," काकी म्हणाल्या. "दुपार झाली काय नीरो बदालता. तेका पिवक माणसानच हय येवक होया."

मी शहरातली शहाणी! थर्मासात बर्फ घातला, नीरो ओतला, झाकण ताकद लावून आवळलं. काकींनी मान हलवली, पण घरच्या काजूगरांची पुडी हातात कोंबली.

आंबोली घाटात झाकण उडालं. अख्ख्या बसभर वास. कंडक्टर मागे आले. "ताई, परवाना हाय काय?"

"अहो, माझ्या आईसाठी रस आहे!"

"सगळे असंच सांगत्यात," ते म्हणाले आणि बस हसली. मीही हसले. मग कोल्हापूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. गाव थर्मासात भरून न्यायला निघाले होते, कारण आईला घेऊन येण्यापेक्षा ते सोपं होतं.

घरी पोचले तेव्हा तळाशी अर्धा पेला उरला होता. आईने आधी वास घेतला, मग एक घोट. तोंड वाकडं झालं.

"हा नीरो नव्हे."

"माहीत आहे. तिथे मी दोन कोप प्यायले, आई." हे तिला सांगताना मला लाज वाटली.

तिने पेला बाजूला ठेवला आणि मला समोर बसवलं. सुलोचना कशी दिसते? दात आहेत? वहाळाला पाणी आहे? पायऱ्या अजून तशाच? मी म्हटलं, सात आहेत, उंच आहेत. ती उठून पेला विसळायला गेली. मला वाटलं, विषय संपला.

काजूचा हंगाम मेच्या मध्यापर्यंत असतो. हे लिहितेय तेव्हा एप्रिल अर्धा सरलाय. आज सकाळी चहा ठेवायला उठले, तर गॅलरीत आई कठड्याला धरून पाटावर चढत होती. उतरत होती, पुन्हा चढत होती. मला बघून थांबली, धाप लागली होती.

"सहा झाल्या," ती म्हणाली. "हात दे जरा."