एक हजार किलोंच्या आत

दुसऱ्या वळणावर गाडी धापा टाकायला लागली की काटेवाल्यांची बायको न सांगता खाली उतरायची. मग काटेवाले उतरायचे, मागचा दरवाजा उघडायचे आणि वीस-वीस किलोंची पाच वजनं रस्त्याकडेच्या दगडावर ओळीनं मांडायचे. बायको शेजारी छत्री उघडून बसायची. उरलेली पाच वजनं घेऊन ते तिथले काटे तपासायला टेकडीवरच्या डेअरीत जायचे, ती एका खोलीत कुलूपबंद करायचे आणि किल्ली खिशात घालून बायकोला न्यायला परत खाली यायचे. वर्षातून चार वेळा, अशी अकरा वर्षं.

वजनं रस्त्यावर एकटी सोडता येत नसत. त्यांच्यावर सरकारी शिक्का होता. एखाद्याचा टवका उडाला, तर त्याच्या जिवावर तपासलेले सगळे काटे पुन्हा तपासा. आणि बायकोला घरी ठेवता येत नसे, कारण काटेवाल्यांची कामाची पद्धत ठरलेली होती: एकानं वजन ठेवायचं, दुसऱ्यानं आकडा वाचून लिहायचा. एकट्यानं केलेल्या तपासणीला ते तपासणी म्हणत नसत. बाजारात त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘मिलिग्रॅम’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात टोमणा काय आहे, हे त्यांना कळत नव्हतं.

गेल्या खेपेला दगडावर बसलेल्या बायकोपाशी एक ट्रकवाला थांबला. आधी त्यानं विचारलं, “मावशी, वजनं कशी दिली?” विकायची नाहीत म्हटल्यावर म्हणाला, “मग माझं वजन तरी करून द्या.”

काटेवाले परत आले तेव्हा ती छत्री मिटून उभी होती.

“काम करीन,” ती म्हणाली. “आकडे लिहीन, तुमच्या वतीनं डेअरीच्या सुपरवायझरशी भांडेन. पण या दगडावर पुन्हा बसणार नाही. दहा वजनं आणि आपण दोघं एका फेरीत वर जात असू तर सांगा. नाहीतर डेअरीला दुसरा माणूस बघायला सांगा.”

टेकडीवरचं काम गेलं असतं तर काटेवाल्यांचं निम्मं काम गेलं असतं. पुढची तपासणी तीन महिन्यांवर होती.

गाडी बदलण्याचा प्रश्न नव्हता. घराशेजारच्या बोळात ती दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राखून शिरायची. याहून रुंद गाडी रस्त्यावर ठेवावी लागली असती. पत्रा शाबूत होता. दमत होतं ते तिचं आठशे सीसीचं इंजिन, आणि त्याचीही बावीस वर्षं झाली होती. तेव्हा इंजिन बदलायचं ठरलं. एवढं ठरवायला एक संध्याकाळ लागली. कुठलं बसवायचं, यावर दोन महिने गेले.

गॅरेजवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “काका, तेराशेचं टाका. हल्लीच एका ठोकलेल्या गाडीतलं आलंय. चार सिलिंडर. चढ आहे हेसुद्धा कळणार नाही.”

“वजन किती?”

“कशाचं?”

“इंजिनाचं.”

“हलकंच आहे.”

“हलकंच म्हणजे किती?”

गॅरेजवाल्यानं हात पुसले. “दोन माणसं उचलतात.”

“कुठली दोन माणसं?”

बायकोचा धाकटा भाऊ तिथं हजर होता. गाड्यांमधलं आपल्याला कळतं, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणालाही विनामूल्य द्यायचा. “भावोजी, ताकद बघा, वजन काय बघता? ताकद दुप्पट मिळतेय.”

“कागदावर गाडीचं भरलेलं वजन एक हजार किलो आहे,” काटेवाले म्हणाले. “त्याच्या वर एक किलो गेलं की ती ओव्हरलोड.”

“कोण मोजणार आहे?”

काटेवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा सांगायला निघून गेला.

दुसरा पर्याय हजार सीसीचा होता. कंपनी तीच, इंजिनाचे पाय थोडे सरकवले की जुन्या जागी बसणारं. ताकद जुन्याच्या दीडपट. गॅरेजवाल्याला ते पसंत नव्हतं. “एवढा खर्च, एवढी खटपट, नोंदणीच्या कागदांसाठी एवढे हेलपाटे, आणि घ्यायचं मधलंच? उद्या तुम्हीच म्हणाल, मोठं का नाही टाकलं.”

“मी म्हणणार नाही.”

“सगळे म्हणतात.”

काटेवाले आठवड्याभरानं आपला टांगता काटा घेऊन गॅरेजमध्ये आले. साखळीच्या कप्पीला काटा लावला, काट्याला तेराशेचं इंजिन. ब्याण्णव किलो. मग हजारचं: चौऱ्याहत्तर. मग म्हणाले, आता गाडीतलं काढ. “अजून ठरलं नाही तर काढू कशाला?” गॅरेजवाला विचारत होता. “ठरवायला,” काटेवाले म्हणाले. सहासष्ट भरलं. प्रत्येक इंजिन त्यांनी तीनदा टांगलं, तेल भरून आणि तेल काढून. त्या दिवशी गॅरेजमध्ये दुसरं काहीही झालं नाही. संध्याकाळी गॅरेजवाल्यानं काटेवाल्यांच्या घरी फोन केला आणि बायकोला म्हणाला, “काकू, काहीही करा, पण यांना उद्या घरी ठेवा.”

“मला छत्तीस वर्षांत जमलं नाही,” ती म्हणाली, “तुमच्यासाठी कुठून जमवू?”

हिशेब एका पाठकोऱ्या कागदावर होता. मागची सीट काढून, टाकी भरून, हजारचं इंजिन आणि मोठा रेडिएटर घातलेली गाडी सहाशे चौसष्ट. वजनं दोनशे. हत्यारांची पेटी एकवीस. स्वतः सहासष्ट. बायकोसकट सगळं मिळून नऊशे नव्याण्णव. तेराशेचं घेतलं की एक हजार सतरा. मेहुण्यानं कागद उलटा-सुलटा केला, बेरीज तपासली, आणि बेरीज बरोबर आहे याचाच त्याला जास्त राग आला.

“म्हणजे अठरा किलोंसाठी तुम्ही वीस घोड्यांची ताकद सोडताय!”

“सतरा किलो जास्त होतात. घोडे कुठं जास्त झाले तर मला कुणी विचारत नाही.”

हजारचं बसलं. रेडिएटर मोठा आला, ब्रेक नवे आले, सायलेन्सर नीट बसेना म्हणून दोनदा कापला. गॅरेजवाल्यानं गाडी परत देताना एवढंच म्हटलं, “काका, आता पुढची दहा वर्षं माझ्याकडे येऊ नका. चांगल्या अर्थानं म्हणतोय.”

तपासणीच्या दिवशी दहाही वजनं मागे ठेवून दोघं निघाले. दुसरं वळण आलं. बायकोनं सवयीनं दाराच्या कडीवर हात ठेवला. काटेवाल्यांनी गिअर उतरवला, इंजिनानं आवाज बदलला आणि गाडी वर निघाली. तो दगड खिडकीतून मागे गेला. तिसरं वळण, चौथं, डेअरीचं फाटक. बायको म्हणाली, “झालं की.” एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती.

डेअरीत दुधाच्या गाड्या अख्ख्या मोजणारा मोठा काटा होता, वे-ब्रिज. काटेवाल्यांनी नेहमीप्रमाणे आधी आपली गाडी त्यावर घेतली. आतापर्यंत ती तिथं अर्धीच भरलेली गेली होती. आज दोघांसकट पूर्ण भरलेली होती आणि नऊशे नव्याण्णव दिसायला हवं होतं. काटा पाच-पाच किलोंनी मोजत असल्यामुळे एक हजार चाललं असतं.

काट्याच्या खोलीच्या खिडकीतून सुपरवायझरनं आकडा सांगितला, “एक हजार पंधरा.”

“काटा वाढीव दाखवतोय,” काटेवाले म्हणाले.

त्यांनी गाडी काट्यावरून बाजूला लावली आणि ते कामाला लागले. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली, मध्ये ठेवली, दहाही एकत्र ठेवली. बायको आकडे लिहीत गेली. काटा तंतोतंत बरोबर होता. पुन्हा तपासलं. पुन्हा बरोबर. बाहेर दुधाच्या तीन गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि सुपरवायझर दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवून जाऊ लागला.

काटेवाल्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. “तू इंजिन तेच बसवलंस ना?”

“काका, तुम्ही स्वतः टांगून मोजलंत! तीनदा! बसवताना नंबर लिहून घेतलात!”

“मग पंधरा किलो आले कुठून?”

“मला काय माहीत? मी काय गाडीत दगड भरले?” फोन बंद झाला.

त्यांनी पेटी मोजली. एकवीस. स्वतः डेअरीच्या लहान काट्यावर उभे राहिले. सहासष्ट. चढात तीन-चार लिटर पेट्रोल जळालं होतं, म्हणजे खरं तर आकडा कमीच यायला हवा होता. ते पाठकोरा कागद काढून ओळीवर ओळ बघत बसले.

“बघू,” बायको म्हणाली. तिनं कागद घेतला, वरून खाली वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “हे अठ्ठेचाळीस काय?”

“ते... तू.”

“कधी मोजलंत?”

काटेवाले म्हणाले, “लग्न झालं त्या वर्षी. दवाखान्यातला काटा मी नुकताच दुरुस्त केला होता. त्यावर तू उभी राहिली होतीस. चांगला काटा होता तो.”

“काटा चांगला असेल हो. छत्तीस वर्षं झाली.”

“तुला विचारणं बरं वाटलं नाही.”

“इंजिनाला तेल काढून विचारलंत!”

खिडकीतून सुपरवायझर हसला आणि तिनं बघितल्यावर खोकला. ती चालत लहान काट्यावर गेली, आकडा बघितला आणि परत येऊन कागदावर अठ्ठेचाळीस खोडून पासष्ट लिहिलं. “घ्या. सतरा. त्यातलं तुमचं जळालेलं पेट्रोल वजा करा.”

जुळलं. काटेवाल्यांचा चेहरा मोकळा झाला, आणि लगेच पुन्हा आवळला. जुळलं याचा अर्थ गाडी ओव्हरलोड होती.

“काही नाही होत,” सुपरवायझर म्हणाला. “अहो, आता उतारच आहे. निघा तुम्ही. माझ्या गाड्या खोळंबल्यात.”

“ओव्हरलोड गाडी मी इथून खाली घेणार नाही.”

“मग काय, वहिनींना इथंच ठेवणार?”

काटेवाल्यांनी एक क्षण बायकोकडे पाहिलं. तो क्षण तिनं मोजला असावा. ती गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली, दार लावून घेतलं आणि काच खाली केली.

“मी दगडावर बसणार नाही म्हटलं होतं,” ती म्हणाली. “गाडीत बसणार नाही, असं नव्हतं म्हटलं. दुसरं काहीतरी काढा.”

वजनं आणि पेटी दुसऱ्या दिवशीच्या कामाला हवी होती; दुसरं काढण्यासारखं फक्त पेट्रोल होतं. सुपरवायझरनं आधीच बजावलं की दुधाचा कॅन मिळणार नाही. शेवटी पेट्रोलचेच दोन रिकामे डबे जनरेटरच्या खोलीत सापडले. काटेवाल्यांनी दहाही वजनं आणि पेटी गाडीत ठेवली, गाडी पुन्हा वे-ब्रिजवर घेतली, टाकीत नळी घातली आणि पेट्रोल काढायला सुरुवात केली. ते वाकलेले, बायको आत बसलेली, आणि सुपरवायझर खिडकीतून आकडा सांगतोय.

“एक हजार दहा!... अहो, दुधाच्या गाड्या पाच झाल्या.”

पहिला डबा भरला. ते हात पुसून ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले, आकडा ऐकला, पुन्हा उतरले. दुसरा डबा अर्धा झाला. पुन्हा येऊन बसले.

“एक हजार!” सुपरवायझर ओरडला. “झालं! निघा!”

काटेवाल्यांनी किल्लीला हात लावला नाही. “हा पाच-पाचनं मोजतो. हजार म्हणजे एक हजार दोनही असू शकतं. अजून तीन लिटर काढावं लागेल.”

मागून दोन हॉर्न एकदम वाजले. बायकोनं सीटच्या पट्ट्याचं टोक शोधून खटका लावला.

“काढा,” ती समोर बघत म्हणाली. “मी बसल्ये.”