मशीनला वळायला जागा

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. परवा बायकोला सांगितलं, तेवढंच. तुम्हाला सांगतोय, पण हसण्यासारख्या भागापासून सुरू करतो — एवढीच हिंमत आहे.

आमच्या अणदुरात लोक गवत खुरपून फेकतात. मी पाणी घालून वाढवतो. घरापुढं हिरवळ, ही माझी हौस. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पुण्याच्या लेकीनं गवत कापणारा रोबोट पाठवला. कासवासारखा, आपला आपण फिरणारा. सोबत तारेचं भेंडोळं. ही तार कडेनं फिरवली की मशीन तिच्या बाहेर जात नाही. मी काय केलं असेल? रानडुकरांसाठी शेताला झटका मशीनची तार बांधतात ना, तशी खुंट्या ठोकून गुडघाभर उंच ताणली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बायको, सुमन, पायरीवरून बघत होती.

"अहो, हे गवत कापणार हाय का डुकरं हाकणार?"

लेक व्हिडिओ कॉलवर हसून लोळली. तार जमिनीला टेकवून खिळ्यांनी दाबायची असते म्हणे. झालं, सगळी उपसली. सुमन येरमाळ्याला माहेरी गेली, त्या दिवशी पुन्हा अंथरायला बसलो. एकटाच.

इथवरचा किस्सा मी प्रत्येक लग्नात सांगतो. लोक हसतात — आणि मी नेमका इथंच थांबतो.

माझ्या हिरवळीला लागून धाकट्या भावाची, विलासची जागा. वडिलांनीच निम्मी-निम्मी वाटून दिलेली. तो नाशिकला नोकरीला. जागा मोकळी, कुसळांनी भरलेली. मधे बांध होता. हिरवळीसाठी जमीन सपाट केली तेव्हा तो गेला — विलासला फोनवर विचारूनच, हां. खूण म्हणून एक दगड तेवढा राहिला होता, अर्धा मातीत गेलेला.

तार घेऊन मी त्या दगडापाशी आलो. आता — कसं सांगू? माहितीपुस्तकात लिहिलं होतं, कडेला मशीनला वळायला थोडी जागा सोडा. ती माझ्याच बाजूला सोडता आली असती. चार फुलझाडं हलवावी लागली असती, एवढंच. मी दगडाच्या पलीकडं खिळा ठोकला. पुढचा आणखी जरा पलीकडं. मग तीच ओळ धरून रस्त्यापर्यंत गेलो. शेवटी दगडही उपटून टाकला. का? अडत होता. मशीनला!

बांध कोरणं म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. दरसाल नांगर हळूच पलीकडं घालायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, बैलं वळायला जागा लागती. असल्या लोकांच्या नकला करून मी पंगती हसवल्यात. आणि त्या दिवशी माझ्या मनात तेच वाक्य आलं, फक्त बैलांच्या जागी मशीन होतं.

पुढं रेघच पडली. इकडं नीट कापलेलं गवत, तिकडं कुसळं. बघणाऱ्याला वाटावं, वडिलांनी वाटणी केली तेव्हापासून हद्द इथंच आहे.

विलास घर बांधायला आला. कुंपणाच्या भिंतीसाठी गवंडी दोरी घेऊन उभा. मी म्हणालो, सरकारी मोजणी करून घेऊ. हो, मीच म्हणालो — आणि मनात घोकत होतो, नको म्हण, नको म्हण.

"मोजणी कशाला, दादा? तुमी हायेत की. ही गवताची कड, हीच आपली हद्द न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

एक शब्द. दोरी ताणली, पाया खणला, भिंत उभी राहिली.

आता त्याच्या अंगणात गाडी बसत नाही. हातभरासाठी बसत नाही. सुट्टीला आला की गाडी रस्त्यावर उन्हात, आणि तो इंजिनिअरला शिव्या घालतो — कागदावर बसत होती, मग जागा गेली कुठं? मीही इंजिनिअरला शिव्या घालतो. त्याच्यापेक्षा मोठ्यानं. मग चहा पाजतो. धाकट्या भावाला याहून स्वस्तात कुणी फसवलं असेल का?

रोबोट कधीच बंद पडलाय. भिंत आहे.

परवा सुमनला सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. वाटलं, ओरडेल; निदान कपाळावर हात मारील. तिचे हात तेवढे थांबले. मग म्हणाली,

"पाया खणायच्या आधी भावजींनी मला एकटीला विचारलं हुतं — वहिनी, हद्द बराबर हाय ना? लई लाजत विचारलं. म्या तुळजापूरच्या आईची आण घेऊन सांगितलं, आमचं माणूस बांध कोरणारं न्हाय. मोजणी नको म्हणले ते माझ्या शब्दावर."