दाव्याला बांधलेला बिल्ला

परवा नांदेडच्या घरी माळा आवरताना संत डिंफना या ख्रिस्ती संत स्त्रीचा बिल्ला सापडला. त्याला मेणबत्तीचं मेण अजून चिकटलेलं होतं.

मी दहा वर्षांची असताना आजोबांनी मला आणि आत्याला उदगीरच्या एका लहानशा चर्चमध्ये नेलं होतं. आत्या एकटीच बडबडायची, आणि तिथली ही संत डोकं ठिकाणावर आणते असं कुणीतरी आजोबांना सांगितलं होतं. आत्याच्या मनगटाला बैलाचं दावं होतं. दुसरं टोक आजोबांच्या मुठीत.

तिथल्या सिस्टर डिंफनाच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्या बापाचंच डोकं फिरलं होतं. ही पळाली, तर त्यानं गाठून हिचं मुंडकं उडवलं. आता ही अशा आजाऱ्यांसाठी देवाकडं मागते."

 आत्या हळूच म्हणाली, "त्या बापाला कुणी बांधलं न्हाई का?"

आजोबांनी दाव्याला असा हिसका दिला, की ती बाकावर तोंडावर आपटली. मला तिचा प्रश्न येडपट वाटला होता. मी फिसकन हसले. ओठातलं रक्त पुसत ती माझ्याकडंच बघत राहिली.

सिस्टरांनी दिलेला बिल्ला आजोबांनी त्याच दाव्याला बांधला. "लई गुण आला," असं ते मरेपर्यंत सगळ्यांना सांगायचे. त्या दिवसानंतर आत्या एक शब्दही बोलली नाही.