अपोंडीच्या वाटीतलं डोकं

किसुमूच्या तळ्याकाठी तिलापिया मासा रांधणाऱ्या बायका पुष्कळ, पण अपोंडीची तऱ्हाच न्यारी. माणूस कसा आहे ते ती त्याच्या उष्ट्या ताटावरून ओळखायची. मासा अख्खा, डोक्यासकट वाढायचा ही तिथली रीत. डोक्यातला गर ओरपून जो हाडं लख्ख करील, तो तिच्या लेखी भला माणूस. ज्याने डोकं तसंच टाकलं, त्याला पुढच्या खेपेला नुसतं धड मिळायचं. डोकं बाईसाहेब स्वतः चाखायच्या, तेही त्याच्यासमोर बसून.

अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीने, अचोलाने, नैरोबीतला ओगोला पसंत केला. तो ऑफिसात बसतो आणि काट्याचमच्याने जेवतो, एवढं ऐकूनच अपोंडीचं पित्त खवळलं. त्याला मासा काय कळणार, कपाळ! पण पोरीचा जीव त्याच्यावर जडला होता, म्हणून गप्प बसली झालं.

रविवारी तो आपल्या काकांना घेऊन जेवायला आला. सासूने जावयाला जेवताना बघायचं नाही, हीसुद्धा तिथली रीत, म्हणून अपोंडी स्वयंपाकाच्या खोपटातच राहिली. मासा तिने कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात झकास शिजवला होता. वाढताना मात्र हात सवयीने चालला. शहरी पोराच्या माशाचं डोकं तोडून तिने आपल्या वाटीत टाकलं आणि धड मक्याच्या घट्ट उगालीबरोबर घरात पाठवून दिलं.

ती पहिला घास घेणार, तोच अचोला आली. पोर अगदी रडकुंडीला आलेली. तिकडे कुणी जेवणाला हातच लावला नव्हता.

"आई, ते विचारतायत, डोकं नसलेला मासा वाढला, म्हणजे तुम्हाला हे लग्न नको, असंच समजायचं ना?"

"असं काका म्हणाले?"

"नाही गं. ओगोलाच म्हणाला."

अपोंडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या जिभेपायी पोरीचं लग्न मोडत होतं! तिने वाटी पुढे केली. चूक माझी, असं सांग म्हणाली. असं ती आजवर नवऱ्यालाही कधी म्हणाली नव्हती.

ताट परत येईपर्यंत तिला धीर निघेना. आलं तेव्हा तिने हाडन् हाड उलटून पाहिलं. सगळी लख्ख होती.

"कणभर ठेवलं नाही मेल्याने," ती खुशीत म्हणाली. "जा, काकांना म्हणावं, देजाच्या गाईंचं बोलायला बसा."

मग ताटाबरोबर परत आलेल्या वाटीतला उरलासुरला रस्सा उगालीने पुसून ती पोटभर जेवली.