भरतेशने सांगितलेला पिक्चर

दुपारचं जेवण त्रिशलाच्या अंगावर येतं. पोटात भाकरी-आमटी, डोक्यावर पंखा, समोर टीव्हीवर कुठलीशी मालिका. आई बस्तीत, जैन मंदिरात, प्रवचनाला गेली आहे. "झोपू नको, गच्चीवरचे कपडे वाळलेत, घेऊन ये," असं दारातून दोनदा बजावून गेली आहे. त्रिशला हो म्हणते आणि दिवाणावर आडवी होते. मालिकेतली सासू सुनेवर तोंड टाकत असते. बघता बघता तिचा आवाज बारीक होत जातो आणि शेवटी नुसतं तोंड हलत राहतं.

"असंच बघायचं," पायाशी बसलेला कुणीतरी म्हणतो. "काय चाललंय ते मी सांगतो."

भरतेश चौगुले. गेल्या श्रावणात पुण्यात डेंग्यूने गेला, तो हाच. एका हातात रिमोट, मांडीवर भडंगाचा पुडा, अंगात दहावीतला शाळेचा शर्ट.

"मुडद्या!" त्रिशला ओरडते आणि जीभ चावते.

"आता खरंच की गं," तो म्हणतो आणि भडंगाचा बकाणा भरतो.

तो हसतो म्हणून तिला आणखीच चीड येते. ही चीड ताजी आहे, गेल्या रविवारची. शाळेत असताना भरतेशच्या काकांचं जयसिंगपुरात सीडीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत ही दोघं एक जपानी कार्टून पिक्चर पुन्हा पुन्हा बघायची. बेटावर राहणारी एक मुलगी, एक मुलगा. दोघांची एक शाळा, दोघांत एक सायकल, आणि मग मुलगा शिकायला शहरात निघतो. सीडी चोरून उतरवलेली, त्यामुळे खाली कुठल्याच भाषेतली अक्षरं नव्हती. भरतेश सरळ आवाज बंद करायचा आणि दोघांचंही बोलणं आपणच मराठीत बोलायचा, मुलीचं नाकातून आणि मुलाचं स्वतःच्या आवाजात. शेवटी बोट सुटते, मुलगी धक्क्यावर उभी असते, आणि बोटीतून मुलगा काहीतरी म्हणतो. भरतेश म्हणायचा, "थांब तू. मी येतोच."

पुढे भरतेश पुण्याला गेला. रोजचा फोन आठवड्यावर आला, मग सणावारावर, मग तेवढाही राहिला नाही. त्रिशला थांबली. बोटीतला मुलगा येतो म्हणाला होता ना! आलेली स्थळं परत गेली, बेळगावची नोकरी गेली, आणि भरतेश गेल्याचा निरोप आला तेव्हाही ती थांबलेलीच होती. रविवारी मामेबहिणीने तोच पिक्चर लावला, खाली इंग्रजी अक्षरांसकट. बोटीतला मुलगा म्हणत होता, मी परत येणार नाही, माझी वाट बघू नकोस.

आणि हे बोलायचं कुणापाशी? आई म्हणते, गेलेल्या माणसाला बोल लावू नये. वा! म्हणजे माणूस मेला की त्याचं सगळं माफ, आणि जगतंय त्याने तोंड शिवून बसायचं.

"खोटारडा आहेस तू," त्रिशला म्हणते.

दिवाणाच्या जागी आता दुकानातला लाकडी बाक आहे. भिंतीला सीड्या, कोपऱ्यात काकांची छत्री. दाराबाहेर एस.टी. स्टँड असायला हवा, पण तिथे पाणी आहे, पार क्षितिजापर्यंत, आणि ते पायरीला लागतंय.

"मला कुठं येतंय जपानी?" भरतेश म्हणतो. "आणि तूच म्हणायचीस, रडका शेवट नको."

"पिक्चरचा नको म्हणत होते. माझ्या शेवटाचं मला विचारलंस?"

तो पुड्यात बोटं घालून बसतो. "फोन करायचो गं. नंबर लावायचो. पण काय बोलायचं ते सुचायचं नाही, मग ठेवून द्यायचो."

"सुचायचं नाही? अख्खा पिक्चर बोललास की रे! पोराचं बोललास, पोरीचं बोललास, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा सोडलं नाहीस. आणि स्वतःचं एक वाक्य सुचेना?" तिचा आवाज चिरकतो. "ते कागदावर काढलेलं पोर, भरतेश! त्याला जमलं. तुला जमलं नाही."

बाक हलतो. बाकच आता बोट आहे. भरतेश त्यावर आहे आणि त्रिशला दुकानाच्या पायरीवर उभी आहे, मधे हातभर पाणी. ते वाढत चाललंय.

"जायच्या आधी बोल!" ती ओरडते. "तुझ्या तोंडाने. माझं नाव घेऊन."

भरतेशचं तोंड हलतं. आवाज नाही.

"आवाज सोड!"

तो रिमोटचं बटण दाबतो, पुन्हा दाबतो. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या आहेत. तो बोलतोय, मनापासून बोलतोय, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्रिशलाला त्याची कीव येते आणि ती कीव आली म्हणून ती अजूनच भडकते. मेल्यावरही याचं काम हिनेच करायचं! ती त्याच्या ओठांकडे बघते, तो पडद्याकडे बघायचा तशी, आणि बोलायला लागते.

"त्रिशला, मी येणार नाही. हे तुला मी जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं. माझी वाट बघू नको."

शब्द ओठांवर बरोब्बर बसतात. तिचं संपतं तेव्हा त्याचं तोंडही मिटतं. तो मान हलवतो आणि लांब गेलेल्या बोटीतून रिमोट फेकतो. "झेल!"

ती झेलते.

"कपडे तसेच वर आहेत ना?" आई दारात उभी आहे. "आणि कुणाशी भांडत होतीस गं? कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं."

टीव्ही चालू आहे, सासूचं तोंड हलतंय, आवाज बंद. रिमोट त्रिशलाच्या मुठीत आहे. आवाजाच्या बटणावर तेलकट, पिवळाधमक अंगठा उमटलाय. ती घाईने ओढणीने पुसते, तर तोच पिवळा रंग पांढऱ्या ओढणीला लागतो. नवीकोरी ओढणी! जाता जाता हीही खराब करून गेला.

आई जवळ येऊन डाग बघते, वास घेते. "भडंग? घरात तर नाही. कोण आलं होतं?"

"भरतेश."

आई दिवाणाच्या कडेला बसते. गेलेल्या माणसाला बोल लावू नये, हे या वेळी ती म्हणत नाही. विचारते, "काय म्हणाला?"

"येणार नाही म्हणाला," त्रिशला म्हणते, आणि श्रावणापासून पहिल्यांदा तिला रडू फुटतं.